केमो चालू असताना चक्कर येऊन पडले, आता डिस्चार्ज मिळालाय… घरी नेताना काय बघायचं

आमच्या अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली, आणि तिसऱ्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या तिसऱ्या फेरीच्या, नवव्या दिवशी सकाळी गरम पाण्याने मस्त अंघोळ करून बाहेर आले ते बाथरूमच्या दारातच कोसळले. आईने हाक मारली, उत्तर नाही, शेजारच्या काकू कांदा घेऊन धावल्या, कोणीतरी पाणी तोंडात घालायला लागलं, आणि मी गाडीची चावी शोधत घरभर फिरतेय जी माझ्या हातातच होती. एका मिनिटात अण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं, "एवढी गर्दी कशाला?"

दोन रात्री ॲडमिट होते. ईसीजी, रक्त, शुगर, डोक्याचा सीटी स्कॅन, सलाईन. तिसऱ्या दिवशी सांगितलं की काळजीचं काही नाही, विकनेस आहे, घरी न्या, खाऊपिऊ घाला. आम्ही खूश. बॅगा भरल्या. आणि त्या गडबडीत एक अगदी तरुण इंटर्न मुलगी आली, म्हणाली थांबा हं, एकदा उभं करून बीपी घेते. झोपलेले असताना ११८/७४. उभे केल्यावर तीन मिनिटांत ९२/६०. तेव्हा कळलं की विकनेस हा आजार नसतो, ते फक्त एक नाव आहे, खरं कारण त्याच्या खाली असतं आणि ते आपल्याला विचारून घ्यावं लागतं. हे सगळं लिहितेय ते त्यासाठीच. मी डॉक्टर नाही, पण चार महिने प्रश्न विचारून विचारून जे समजलं ते माझ्यासारख्या गोंधळलेल्या माणसाला समजेल असं सांगते.

आधी चक्कर म्हणजे काय ते. घेरी येणं, भोवळ येणं, डोळ्यापुढे अंधारी येणं, भिंती फिरणं, या सगळ्याला आपण चक्करच म्हणतो आणि तिथेच डॉक्टरांना चुकीचं सांगितलं जातं. शुद्ध हरपून पडणं आणि थोड्या वेळात आपोआप शुद्धीवर येणं याला ते सिंकोप म्हणतात, डिस्चार्ज कार्डावर हाच शब्द असेल. मेंदूला जाणारं रक्त सहा ते आठ सेकंद थांबलं तरी माणूस बेशुद्ध होतो, एवढा नाजूक मामला आहे. सोसायटीत पाण्याचं प्रेशर कमी झालं की आधी वरच्या मजल्याचा नळ कोरडा पडतो ना, तसंच. मेंदू म्हणजे वरचा मजला. आणि आडवं पडलं की वरचा मजला तळमजल्याच्या लेव्हलला येतो, रक्त परत पोचतं, म्हणून माणूस स्वतःच जागा होतो. कांद्याने कोणी जागं होत नाही, आडवं पडल्याने होतं (काकूंना हे अजून पटलेलं नाही).

आपण नुसतं उभं राहिलो तरी साधारण अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त पायाकडे आणि पोटाकडे उतरतं. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचे ठोके वाढवतं, आपल्याला कळतही नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. अण्णांचं वरचं २६ ने उतरलं होतं. आणि गंमत अशी की दोन दिवस दर चार तासांनी बीपी घेतलं जात होतं पण प्रत्येक वेळी झोपलेल्या माणसाचं, आणि झोपलेल्या माणसाचं बीपी छानच होतं! म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला हाच, घरी निघण्याआधी म्हणा की एकदा उभं करून बीपी घ्या, आणि तो आकडा कार्डावर लिहून घ्या.

त्याबरोबर नाडीचा आकडाही घ्या. अण्णांची ८८ वरून ११२ झाली. म्हणजे हृदय धावून धावून भरून काढायला बघत होतं, याचा अर्थ बहुतेक टाकीतच, म्हणजे शरीरातच, पाणी कमी. बीपी उतरतंय पण नाडी जवळजवळ हलतच नाही असं असेल तर शंका नसांवर (रक्तवाहिन्या नव्हे, मज्जातंतू) जाते, कारण काही केमोची औषधं, उदाहरणार्थ व्हिन्क्रिस्टीन, हातापायाला मुंग्या आणणाऱ्या नसांसोबत बीपी सांभाळणाऱ्या नसाही बिघडवू शकतात, शिवाय जुनी डायबेटिस असली तरी तसं होतं. (बीपी-हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच दबलेली असते, त्यांचा हिशोब वेगळा.)

आता टाकी रिकामी का झाली. अण्णांना हातातून ऑक्झॅलिप्लॅटिन आणि मग चौदा दिवस तोंडाने कॅपसायटाबिनच्या गोळ्या, एकवीस दिवसांची सायकल. गोळ्यांनी जुलाब होतात हे सांगितलेलं होतं. अण्णांना दिवसाला पाच-सहा वेळा होत होतं पण ते सांगतच नव्हते, कारण "त्यात काय सांगायचं". आणि ऑक्झॅलिप्लॅटिनची एक खोड आहे, थंड काही लागलं की घशात आणि बोटात करंट मारल्यासारखं होतं, म्हणून थंड पाणी बंद. माठातलं पाणी बंद झालं म्हटल्यावर अण्णांनी पाणीच कमी केलं, कोमट पाणी त्यांना घशाखाली उतरत नाही म्हणे. म्हणजे एकीकडून बाहेर जातंय आणि वरून भरत नाहीये. नऊ दिवस.

पण यातला खरा खलनायक वेगळाच निघाला. बीपीची गोळी. अण्णा बारा वर्षं टेल्मिसार्टन-एच घेतात, सकाळी उठल्याबरोबर, दात घासायच्या आधी, एकही दिवस न चुकता, आणि याचा त्यांना अभिमान आहे. ती गोळी सुरू झाली तेव्हा अण्णा ७४ किलोचे होते, जेवणात लोणचं-पापड, संध्याकाळी शेव. आता ५९ किलो, जेवण दोन घास, मीठ जवळजवळ नाही. माणूस बदलला पण गोळी तीच राहिली! आणि त्या नावातला 'एच' म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी काढून टाकणारं औषध. जुलाबाने पाणी चाललंय, त्यात आपण रोज सकाळी स्वतःच्या हाताने अजून थोडं काढतोय. कॅन्सरच्या डॉक्टरांना वाटतं बीपीचं फॅमिली डॉक्टर बघतायत, फॅमिली डॉक्टरांना वाटतं आता सगळं कॅन्सरवाले बघत असतील, आणि ॲडमिट असताना कार्डावर लिहिलं जातं "जुनी औषधं चालू ठेवणे". हे वाक्य दिसलं की थांबा. कुठली जुनी औषधं, एकेक नाव घेऊन विचारा.

घरातला गोळ्यांचा अख्खा डबा पिशवीत घालून न्या, यादी नको, डबाच. कारण यादीत आपण विसरतो. कुठल्या गोळ्यांवर बोट ठेवायचं तर बीपीच्या सगळ्या. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, जी रात्री घेतात आणि रात्रीच लघवीला उठताना माणूस पडतो. डायबेटिसची ग्लिमेपिराइड, कारण जेवण कमी आणि गोळी तेवढीच म्हणजे शुगर खाली जाणार, आणि शुगर खाली गेली की घाम, थरथर, बडबड आणि बेशुद्धी, हे दिसायला चक्करसारखंच पण उपाय वेगळा. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीतून साखर आणि पाणी दोन्ही काढतात. दुखण्यासाठीचं मॉर्फिन, झोपेसाठी किंवा मुंग्यांसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन. उलटी थांबवणारी ऑन्डॅन्सेट्रॉन बहुतेकांना काही करत नाही, पण पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल तर हृदयाच्या तालात गडबड होऊ शकते, म्हणून ईसीजी बघून ठरवतात. आणि स्टेरॉइड, म्हणजे डेक्सामेथासोन वगैरे, बरेच दिवस चालू असताना "किती गोळ्या खायच्या" म्हणून अचानक बंद केलं असेल तर ते जरूर सांगा, त्यानेसुद्धा बीपी कोसळतं. एवढं वाचून आता कोणी उठून बीपीची गोळी स्वतःच बंद करू नका हां, त्यातल्या काही गोळ्या हृदयासाठी असतात आणि त्या एकदम सोडल्या तर वेगळंच संकट. विचारायचं, लिहून घ्यायचं, मग बंद करायचं. आमच्या अण्णांची 'एच'वाली गोळी बंद केली आणि आठ दिवस घरी बीपी बघून कळवा म्हणाले.

पडण्याची दुसरी कारणंही असतात आणि ती घरी न सोडण्यासारखी असतात, ती थोडक्यात सांगते. रक्त कमी होणं, आतून रक्तस्राव होणं (शौचाला डांबरासारखं काळं), इन्फेक्शन रक्तात पसरणं, सोडियम फार खाली जाणं. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त असतं, पायातली गुठळी फुप्फुसात गेली तर पहिलं लक्षण कधीकधी नुसतं बेशुद्ध पडणंच असतं. काही केमोने हृदय कमजोर होतं. मेंदूत आजार गेला असेल तर फिट येऊ शकते, आणि फिट आणि चक्कर यात घरचे लोक फार गल्लत करतात. साध्या भोवळीतसुद्धा दोन-चार झटके येऊ शकतात, म्हणून झटका दिसला म्हणजे फिटच असं नाही. फरक नंतरच्या वागण्यात दिसतो. भोवळीतून उठलेला माणूस मिनिटभरात अण्णांसारखा प्रश्न विचारतो, फिटमधून उठलेला बराच वेळ भांबावलेला असतो, जिभेची कड चावलेली असते. म्हणून ज्याने पडताना बघितलं त्या माणसाला डॉक्टरांसमोर न्या. आमच्याकडे बघणारी आई होती आणि बोलत होतो मी आणि भाऊ, जे दोघंही दुसऱ्या खोलीत होतो.

घरी आल्यावर. सगळ्यात डेंजर जागा बाथरूम, यात शंका नाही. कडक पाण्याने अंघोळ केली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे जातं, मग वाकून पाय पुसायचे आणि झटकन सरळ व्हायचं, वरचा मजला कोरडा. कोमट पाणी, प्लॅस्टिकचं जाड स्टूल, बसूनच अंघोळ आणि बसूनच अंग पुसणं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून उठणं हे तर आणखी वाईट, त्यात कुंथलं की बीपी अजून पडतं, वर ठेवायची खुर्ची मेडिकलवाल्याकडे मिळते ती आणा. पुरुषांनी काही दिवस लघवीला बसून जावं, विशेषतः रात्री. अण्णांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. कडी लावायची नाही हेही त्यांना मान्य नव्हतं, शेवटी भावाने स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडीच काढून टाकली, आता आत कोणी असलं की दारावर पंचा टाकायचा असा नियम आहे.

उठताना तीन टप्पे. कुशीवर वळा, पाय खाली सोडून बेडवर बसा, पायाचे पंजे वरखाली करा, दोन-तीन मिनिटं गेली की मग उभे राहा आणि उभं राहून लगेच चालायला लागू नका. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या आणि बेडपासून संडासापर्यंत छोटा दिवा. भरपेट जेवलं की रक्त पोटाकडे जातं आणि बीपी अजून उतरतं, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, जेवून लगेच उठायचं नाही. चक्कर येतेय असं वाटलं, म्हणजे कानात गुंई होतं, घाम येतो, डोळ्यापुढे अंधारी येते, तर भिंत पकडून "बरा आहे बरा आहे" म्हणत चालत राहायचं नाही, आहे तिथे खाली बसायचं, जमलं तर आडवं व्हायचं. बसायला जागाच नसेल तर पायाला पायाची कैची करून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट दाबायच्या, त्याने पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि थोडा वेळ मिळतो.

पाण्याबद्दल. जुलाब चालू असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठही जात असतं. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलंय बरोबर तेवढ्याच पाण्यात (मोठी पुडी असेल तर एक लिटर), ग्लासात अर्धी पुडी असला अंदाजपंचे हिशोब नको. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाईच केली, पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या. मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी, घरचं ताजं लिंबू सरबत चालतं, ऑक्झॅलिप्लॅटिनवाल्यांना सगळं कोमट किंवा रूम टेंपरेचरचं. रस्त्यावरचा उसाचा रस वगैरे अजिबात नाही, पांढऱ्या पेशी कमी असताना ते परवडणारं नाही. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी आणि किती मीठ हे डॉक्टरांकडून आकड्यात घ्या. उपास बंद. आमच्याकडे यावरून वाद झाला, अण्णांची एकादशी तीस वर्षांची आहे, आईने शेवटी "तुमच्या वाटची मी करते" म्हणून मिटवलं.

आणि सलाईन. घरी आलं की भेटायला येणारा प्रत्येक माणूस सांगतो, जवळच्या दवाखान्यात दोन बाटल्या लावून घ्या, ताकद येईल. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. जुलाबाने टाकी रिकामी झाली असेल, तोंडाने काही राहत नसेल तर ते पाणी सोनं आहे, पण ताकद त्यात नाही, आणि कारण हृदयात किंवा गुठळीत असेल तर बाटली लावत बसण्यात वेळ जातो.

बीपीचं मशीन घ्या, दंडाला लावायचं, मनगटाचं नको. सकाळी उठायच्या आधी पाच मिनिटं आडवं असतानाचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, शेजारी एक माणूस उभा पाहिजे, आणि गरगरलं तर तिथेच बसवायचं, आकडा गेला उडत. वहीत तारीख, तीन आकडे, नाडी, जुलाब किती, वजन. या वहीमुळे फोनवर डॉक्टरांशी दोन मिनिटांत बोलणं होतं, नाहीतर आपण "जरा बरं वाटत नाहीये" एवढंच सांगू शकतो.

परत पडलेच तर आडवे ठेवा, पाय उशीवर किंवा कोणाच्या तरी मांडीवर वर करा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. बसतं करू नका. आपल्याकडे दोघं जण काखेत हात घालून उभं करतात ते सगळ्यात चुकीचं. पूर्ण शुद्धीत येईपर्यंत तोंडात पाणी, साखर, काही नाही. किती वाजता झालं आणि किती वेळ ते मोबाईलमध्ये बघा. एक-दोन मिनिटांत जाग आली नाही, छातीत दुखतंय, दम लागलाय, छातीत धडधड होऊन पडले, झोपलेले असताना किंवा जिना चढताना पडले, एक पाय सुजलाय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, तर १०८ लावा, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे चालतो. डोकं आपटलं असेल तर टेंगूळ छोटं दिसलं तरी दाखवायचंच, कारण केमोने प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी झालेल्या असू शकतात आणि आत हळूहळू रक्त साचू शकतं. अण्णांचा सीटी त्यासाठीच केला होता, आम्हाला तेव्हा वाटलं उगाच बिल वाढवतायत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे दुप्पट लागू.

तापाचं वेगळं सांगते कारण यात लोक हमखास चुकतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. या दिवसात १००.४ किंवा वर ताप म्हणजे रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करायचा. आधी पॅरासिटामॉल देऊन "बघू सकाळपर्यंत" नाही, त्याने ताप झाकला जातो आणि आतलं इन्फेक्शन चालूच राहतं. त्यात चक्कर आली असेल तर फोनसुद्धा नाही, थेट हॉस्पिटल.

राहिला केमोचा प्रश्न. पुढची सायकल चुकेल का, गोळ्या चालू ठेवायच्या का. ज्या हॉस्पिटलात चक्करसाठी ॲडमिट होता ते आणि जिथे केमो चालू आहे ते बहुतेकांचं वेगळं असतं, आमचंही होतं, गावाकडे ॲडमिट आणि ट्रीटमेंट मुंबईत. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी यांचे फोटो त्याच दिवशी केमोवाल्या डॉक्टरांच्या टीमला पाठवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. नेहमीपेक्षा दिवसाला चार वेळा किंवा जास्त जुलाब होत असतील तर कॅपसायटाबिनची पुढची गोळी गिळण्याआधी फोन, कारण अशा वेळी ती सहसा थांबवायला सांगतात आणि मग गरज वाटली तर डोस कमी करून पुढे चालू होते. चुकलेल्या गोळ्या नंतर डबल घेऊन भरून काढायच्या नसतात. अण्णांची सायकल एक आठवडा पुढे गेली, डोस थोडा कमी केला, त्यांना वाटलं आता औषध लागणार नाही, डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सांगितलं की ट्रीटमेंट पूर्ण करता यावी म्हणूनच डोस कमी केलाय.

गाडीचं मात्र अजून ठरलेलं नाही. कारण सापडून, गोळ्या बदलून, उभ्याने बीपी नीट यायला लागेपर्यंत स्कूटर चालवायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. काल सकाळचा आकडा उभ्याने ११०/७० होता. अण्णांनी वहीत स्वतः लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि आईला विचारलं की चावी कुठे ठेवलीयेस. ती तांदळाच्या डब्यात आहे, आणि हे मला, भावाला आणि शेजारच्या काकूंना माहिती आहे.